संस्कृतातली अनारकली : डॉ. वे. राघवन यांच्या कार्याची ओळख

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मागच्या पालक सभेत एका पालकांनी मला एक प्रश्न विचारला होता. ते आज येथे उपस्थित आहेत, म्हणून त्यांचे नाव घेत नाही. त्यांचा प्रश्न साधा होता. "सर, माझी मुलगी आठवीत जाणार आणि संस्कृत घेते म्हणते. घरी कुराण शरीफ शिकते, उर्दू वाचते. शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी आहेच. त्यात हे आणखी कशाला? आणि सर, खरे सांगा, ते आपले आहे काय?"

त्या वेळी सभा संपत आली होती, एस.टी.ची वेळ झाली होती, आणि मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन मोकळा झालो. संस्कृतात गुण चांगले पडतात, असे काहीसे म्हणालो. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली. इतक्या प्रामाणिक प्रश्नाला गुणांचे उत्तर देणे म्हणजे भाकर मागणाऱ्याच्या हातावर सुपारी ठेवण्यासारखे आहे. म्हणून आज मी आपणांस एका माणसाची हकीकत सांगणार आहे. ती ऐकून झाल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर आपले आपणच द्यावे.

हा माणूस मुसलमान नव्हे, मराठीही नव्हे. डॉ. वेंकटराम राघवन हे तमिळ ब्राह्मण. जन्म २२ ऑगस्ट १९०८, तंजावर मुलखातल्या तिरुवारूर गावी. कर्नाटक संगीतातले त्यागराज, मुथुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री हे तिघेही थोर रचनाकार याच एका गावात जन्माला आले. त्यामुळे तिकडच्या माणसाला संगीत आणि संस्कृत ही दोन्ही घरच्या विहिरीच्या पाण्यासारखी असतात. राघवन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात महामहोपाध्याय कुप्पुस्वामी शास्त्री यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे मद्रास विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ५ एप्रिल १९७९ रोजी ते वारले. चरित्राचा सांगाडा एवढाच. पण सांगाड्यावरून माणूस कळत नाही.

तंजावरचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या महाराष्ट्राची आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला गादी स्थापन केली आणि ते मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. तेथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. बहुसंख्य संस्कृत, पण तमिळ आणि तेलुगूही आहेत आणि मराठी हस्तलिखिते तीन हजारांच्या आसपास आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी हा संग्रह जिवापाड वाढवला. राघवन यांनी या ग्रंथालयाच्या मालेसाठी १९५२ साली 'शाहेंद्रविलास' हे काव्य संपादून दिले. ते तंजावरच्या शहाजीराजांवरचे संस्कृत काव्य. म्हणजे मराठी राजाचे चरित्र, संस्कृत भाषेत, तमिळ मुलखात! आमच्याकडे भाषेला कुंपण घालण्याची हौस मोठी आहे, पण जुन्या कागदांना ते कुंपण माहीत नसते.

आता मुख्य कामाकडे येतो.

जुने संस्कृत ग्रंथ छापलेले नव्हते. ताडपत्रावर किंवा हातकागदावर लिहिलेले. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरावयाची, मग वरून काजळी चोळावयाची म्हणजे अक्षर काळे उठून दिसते. दक्षिणेत त्याला गवती चहाचे तेल लावून किडीपासून जपतात. तरीही दमट हवा आहे, वाळवी आहे, कसर आहे. काही शतकांनी पान झडते. म्हणून पिढीमागून पिढीने नक्कल करून ठेवावी लागे. ज्या ग्रंथाची नक्कल कोणी केली नाही तो ग्रंथ मेला. त्याला कोणी जाळावे लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते.

हे ग्रंथ सबंध हिंदुस्थानात, मठांत, राजवाड्यांत, भटाभिक्षुकांच्या माळ्यांवर आणि यूरोपातल्या ग्रंथालयांत विखुरलेले. कोणता ग्रंथ कोठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. थिओडोर आउफ्रेख्त नावाच्या जर्मन विद्वानाने सर्व उपलब्ध याद्या एकत्र करून 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम', म्हणजे याद्यांची यादी, तयार केली. तिचे तीन भाग १८९१, १८९६ आणि १९०३ साली निघाले. त्यानंतर हजारो नवी हस्तलिखिते उजेडात आली आणि ती यादी अपुरी पडू लागली. तेव्हा १९३५ साली मद्रास विद्यापीठाने ठरविले की, नवी यादी करावयाची. कुप्पुस्वामी शास्त्री प्रमुख होते, तरुण राघवन त्यांच्या हाताखाली कामाला लागले. 'न्यू कॅटलॉगस कॅटलॉगोरम' या नावाने तिचा पहिला खंड १९४९ मध्ये बाहेर पडला.

मुलांनो, यादी म्हटले की तुम्हाला किराणा दुकानाची यादी आठवेल. तसे ते नाही. समजा, एका ग्रंथाची नोंद करावयाची आहे. ग्रंथाचे नाव काय, कर्ता कोण, त्या नावाचे दुसरे कर्ते किती, विषय कोणता, त्याच्यावर टीका कोणी लिहिल्या, त्याची हस्तलिखिते कोणकोणत्या गावी कोणाकडे आहेत, पूर्ण की तुटकी, छापला असल्यास कोठे छापला, आणि स्वतः उपलब्ध नसला तर दुसऱ्या कोणत्या ग्रंथात त्याचा उल्लेख आला आहे, हे सारे एका नोंदीत. त्यात पुन्हा एकाच पुस्तकाला तीन नावे आणि तीन पुस्तकांना एकच नाव. प्रत्येक गोष्टीचा एकेक कागदाचा तुकडा, तुकड्यांची चळत, चळतींची कपाटे. पत्रे लिहावयाची, उत्तराची वाट पाहावयाची, उत्तर न आल्यास स्वतः जावयाचे. १९५३-५४ मध्ये राघवन यूरोपात गेले तेव्हा त्यांनी तेथल्या ग्रंथालयांत एकाही यादीत न आलेली हजारो हस्तलिखिते तपासली. घरचे लोक परदेशी गेले म्हणजे आपण घड्याळे आणि कापडचोपड आणावयास सांगतो. यांनी टिपणे आणली.

हे काम एका माणसाच्या आयुष्यात संपणारे नव्हतेच. राघवन गेले त्या वेळी वर्णमालेचा मोठा भाग शिल्लक होता. त्यांच्यामागून दुसऱ्यांनी हाती घेतले, आणि आज त्या यादीचे तीसहून अधिक खंड झाले आहेत. स्वतःच्या डोळ्यांनी ज्याचा शेवट दिसणार नाही असे काम पत्करणे हे मला विलक्षण वाटते. आम्ही शिक्षक एका वर्षाचा अभ्यासक्रम पुरा होत नाही म्हणून कुरकुरतो.

राघवन यांचे दुसरे मोठे काम म्हणजे भोजराजाचा 'शृंगारप्रकाश'. अकराव्या शतकातल्या धारच्या भोजाने साहित्यशास्त्रावर लिहिलेला हा छत्तीस प्रकरणांचा अवाढव्य ग्रंथ. राघवन यांनी तरुणपणी डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला आणि मरेपर्यंत सोडला नाही. या ग्रंथावरील त्यांच्या इंग्रजी विवेचनाला १९६६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मूळ ग्रंथाच्या त्यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीचा पहिला भाग अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या मालेत प्रसिद्ध झाला तो १९९८ साली, म्हणजे संपादक जाऊन एकोणीस वर्षे लोटल्यावर.

आणि त्यातून एक चमत्कार निघाला, तो सांगतो. भोजासारखे शास्त्रकार नियम सांगताना उदाहरणादाखल निरनिराळ्या नाटकांतले श्लोक आणि प्रसंग देतात. त्यांतली कितीतरी नाटके पुढे नष्ट झाली. उरले ते फक्त हे उतारे. राघवन यांनी असे तुकडे ठिकठिकाणचे वेचून, जुळवून, रामकथेवरच्या हरवलेल्या नाटकांचा आराखडा मांडला. कनोजच्या यशोवर्म्याचे 'रामाभ्युदय', तसेच 'कृत्यारावण', 'छलितराम' अशी ती नाटके. फुटलेल्या सुरईच्या पाच-सात खापऱ्यांवरून तिचा पोट-गळा कसा असेल ते सांगावे, तसे हे काम. १९६१ साली या विषयावरचे त्यांचे पुस्तक निघाले.

येथे कोणी म्हणेल, हे सारे ठीक आहे, परंतु हे त्यांचे त्यांच्यापाशी. आपला काय संबंध?

तर ऐका. १९५१ साली हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने एक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. नाव 'शृंगारमंजरी'. संपादक डॉ. राघवन. आणि ग्रंथकर्ता कोण? संत अकबरशाह, ज्यांना लोक 'बडे साहेब' म्हणत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह, ज्याला आपण तानाशाह म्हणून ओळखतो, त्याचे गुरू म्हणजे सूफी पीर शाह राजू. हे अकबरशाह त्यांचे पुत्र. नायक आणि नायिका यांचे प्रकार किती, त्यांची लक्षणे काय, हा संस्कृत साहित्यशास्त्रातला खास विषय. त्यावर एका मुसलमान पीरजाद्याने ग्रंथ रचला, आधी तेलुगूत, मग तो संस्कृतात आला. आणि नुसती जुन्यांची री ओढली नाही. आधीच्या पंडितांची मते घेऊन त्यांत जेथे चूक दिसली तेथे ती दाखविली. हाच ग्रंथ पुढे चिंतामणी त्रिपाठी यांनी ब्रज भाषेत नेला. शिवरायांचा कवी भूषण, त्याचे हे थोरले बंधू असे परंपरा सांगते.

म्हणजे पाहा. सूफी घराण्यातला ग्रंथकार, तेलुगू आणि संस्कृत ग्रंथ, ब्रजचे रूपांतर, आणि अडीचशे वर्षांहून अधिक काळ विस्मृतीत पडलेला तो ग्रंथ धूळ झटकून पुन्हा छापून देणारा मद्रासचा ब्राह्मण प्राध्यापक. अबुल हसनचे राज्य १६८७ साली औरंगजेबाने घेतले, आणि त्या बिचाऱ्याने उरलेले आयुष्य आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात, चिनी महालात, कैदेत काढले. सहलीला आपल्या शाळेची मुले तेथे जातात. वाटाड्या कैदेची कहाणी सांगतो, परंतु त्या कैद्याच्या गुरुघराण्यात संस्कृत ग्रंथ रचला गेला हे सांगत नाही. त्याला कोणी सांगितलेले नसते.

आणि त्याचे असे की, अकबरशाह हे काही एकटेच नव्हते. अल्-बिरूनी संस्कृत शिकला, १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानवर ग्रंथ लिहिला. अकबर बादशहाने महाभारत फारसीत करविले, ते 'रज्मनामा'. दारा शिकोहने १६५७ मध्ये पन्नास उपनिषदे फारसीत आणली. हे आपण शाळेत वाचतो, म्हणून त्यावर थांबत नाही. पण एक गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. लहानपणी आपण पंचतंत्राच्या गोष्टी ऐकतो. त्या इराणात पेहलवी भाषेत गेल्या, आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या, 'कलीला व दिम्ना' या नावाने. ती पेहलवी प्रत हरवली. पंचतंत्राचे अगदी मूळ संस्कृत रूपही आज जसेच्या तसे हाती नाही. परंतु अरबी प्रत राहिली, आणि यूरोपात या गोष्टी पसरल्या त्या मुख्यतः तिच्यावरून. तेव्हा अरबी की संस्कृत, असा प्रश्न मला कोणी विचारला की, करटक आणि दमनक हे दोन कोल्हे माझ्याकडे पाहून हसत आहेत असे वाटते. त्यांनी दोन्ही भाषांत नावे लावली आहेत!

राघवन नाटककार होते हे मी अजून सांगितलेच नाही. वस्तुतः मला त्यांची ओळख झाली ती नाटकामुळे.

मी कॉलेजात होतो तेव्हा ग्रंथालयात संस्कृतच्या कपाटात एक पातळसे पुस्तक दिसले. पाठीवर देवनागरीत लिहिलेले 'अनारकली'. मला वाटले, सिनेमाचे पुस्तक चुकून येथे आले. उघडले तर आत संस्कृत नाटक! राघवन यांनी लिहिलेले, मद्रासला १९७२ मध्ये छापलेले. सलीम आहे, अकबर आहे, आणि ती आहे. अकबर बादशहा संस्कृत बोलतो आहे. मी तेथेच उभा राहून पाने चाळली. आमचे संस्कृतचे सर सोवळेओवळे मानणारे होते. त्यांना दाखविले, तर त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, "घेऊन जा घरी, वाच. कठीण शब्द येतील ते मला विचार." एका सुट्टीत त्यांनी मला ते अर्धे समजावून दिले. त्या माणसाचे ऋण माझ्यावर आहे.

अनारकलीची कथा इतिहासाला धरून किती हे सांगणे कठीण. अबुल फज्लच्या 'अकबरनाम्या'त तिचे नाव नाही. १६११ साली लाहोरला आलेल्या विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने तेथल्या कबरीची हकीकत लिहून ठेवली. ती कबर आजही लाहोरात आहे. १९२२ मध्ये इम्तियाज अली ताज यांनी उर्दू नाटक लिहिले आणि मग ही कथा घरोघर पोचली. 'मुगल-ए-आझम' तर आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पण प्रश्न इतिहासाचा नव्हता. संस्कृत जिवंत राहावयाची तर तिने फक्त दुष्यंत-शकुंतलेपाशी न थांबता जे लोकांच्या मनात आहे ते बोलावे, असे राघवन यांना वाटत होते. आणि लोकांच्या मनात अनारकली होती. नाटकाचा शेवट त्यांनी कसा केला ते मी मुद्दाम सांगत नाही. संस्कृत नाट्यपरंपरेत रंगभूमीवर शोकान्त बसत नाही आणि अनारकली तर भिंतीत चिणली गेली असे लोक सांगतात. ही गाठ त्यांनी कशी सोडविली ते ज्याला पाहावेसे वाटेल त्याने संस्कृत शिकून पाहावे.

नाटके लिहून कपाटात ठेवावयाची हे त्यांना मान्य नव्हते. १९५८ साली त्यांनी मद्रासला 'संस्कृत रंग' ही संस्था काढली. जुनी-नवी संस्कृत नाटके रंगमंचावर करावयाची, एवढ्यासाठीच. शाकुंतल, मृच्छकटिक यांचे प्रयोग झाले. शिवाय ते साहित्य अकादमीच्या 'संस्कृत प्रतिभा' या पत्रिकेचे १९५९ पासून संपादक होते, आणि ती पत्रिका नव्या संस्कृत लेखनासाठीच होती. रवींद्रनाथांचे 'वाल्मीकिप्रतिभा' त्यांनी संस्कृतात आणले. मद्रासच्या म्युझिक अकादमीचे चिटणीसपद १९४४ पासून अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते, तो एक स्वतंत्र विषय आहे. आपल्या पुण्याचे डॉ. रा. ना. दांडेकर आणि हे दोघेही १९५६ च्या संस्कृत आयोगावर होते.

माझ्यासमोर मुली बसल्या आहेत. त्यांच्यासाठी आणखी एक सांगतो. 'प्रेक्षणकत्रयी' नावाने राघवन यांनी तीन छोट्या नाटिका लिहिल्या. तिन्हींच्या नायिका कवयित्री. विज्जिका, विकटनितंबा आणि अवंतिसुंदरी. संस्कृतात बाया लिहीत होत्या, हे पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसते. यांतली विज्जिका मोठी स्वाभिमानी बाई. रंगाने सावळी होती आणि त्याचा तिला अभिमान होता. दंडीसारख्या नामांकित कवीलाही तिने कोपरखळी मारली आहे. काही विद्वान म्हणतात की, ही विज्जिका म्हणजेच चालुक्य घराण्यातली राणी विजयभट्टारिका. आणि त्या राणीचे ताम्रपट सापडले कोठे? आपल्या कोकणात, सिंधुदुर्गातल्या नेरूर आणि कोचरे या गावी! कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे कोणी येथे असतील तर त्यांनी गावी गेल्यावर विचारपूस करावी. सातव्या शतकात त्या भागात स्वतःच्या नावाने दान देणारी राणी होती. आमच्याकडे अजून घराच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव लावावयाचे म्हटले की चार बैठका होतात.

आता एक कडू गोष्ट. संस्कृतची कवाडे सर्वांना सारखी उघडी नव्हती. शतकानुशतके बहुजनांना आणि बायकांना ती बंद राहिली, आणि राघवन ज्या वर्तुळात वावरले ते वर्तुळ मुख्यतः एकाच वर्गाचे होते. हे लपवून मी तुम्हाला संस्कृतची गोडी लावू पाहीन तर ते खोटे होईल. म्हणून तर आपल्या मुलांनी आत जाऊन बसावे असे मला वाटते. बाहेर उभे राहून कवाड बंद होते म्हणून रागावण्यात एक पिढी गेली. आता ते उघडे आहे. सोलापूरकडचे पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार हे याच वाटेने गेले. २०२१ साली ते अल्लाला प्यारे झाले, तोवर महाराष्ट्रात संस्कृतच्या सभांतून त्यांचे नाव आदराने घेतले जात होते. त्यांचे मुसलमानपण कमी झाले असे कोणी म्हणाल्याचे मी ऐकले नाही.

येथवर मी दुसऱ्याची गोष्ट सांगितली. आता माझी सांगतो. ती सांगताना बरे वाटत नाही.

माझ्या आजोबांकडे गावच्या काझीपणाची कामे होती. आमच्या माजघरात त्यांची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात निकाहाच्या नोंदी, मोडीतले जमिनीचे कागद, फारसी बयाज आणि हाताने लिहिलेली काही पुस्तके. आजोबा हयात असेपर्यंत दर वर्षी पावसाळा संपला की ती उन्हात घालीत आणि पानापानात कडुनिंबाचा पाला ठेवीत. आम्हा मुलांना हात लावू देत नसत. ते गेल्यावर अब्बांनी काही वर्षे ते चालविले. १९८६ साली घराची कौले उतरवून दुरुस्ती काढली तेव्हा अब्बा नव्हते. ट्रंक गंजून तळ निघाला होता. कागदांना कसर लागलेली. अम्मीने विचारले, "काय करावयाचे याचे? तू शिकलेला, तू सांग." मी शिकलेला! मोडी मला येत नव्हती, फारसी मला येत नव्हती. मी म्हणालो, देऊन टाक. रद्दीवाला आला. अकरा किलो भरले. त्या पैशांत कामगारांचा चहा झाला.

ते कागद काय होते ते आता मला कळण्याचा मार्ग नाही. कदाचित साध्या पावत्या असतील. कदाचित गावच्या दोनशे वर्षांच्या लग्नांचा हिशेब असेल, ज्यावरून कोणती बाई कोठून आली, मेहर किती होता, कोण गवंडी आणि कोण खलाशी, हे सारे लिहिता आले असते. त्यानंतर दोन वर्षांनी मी राघवन यांच्या यादीचा एक खंड हातात धरला, आणि त्यात एका खेड्यातल्या एका घरातल्या एका तुटक्या हस्तलिखिताची नोंद वाचली. मूळ पुस्तक तुटके होते, तरी नोंद झाली होती. मी तो खंड मिटून ठेवला आणि बराच वेळ काही वाचू शकलो नाही.

म्हणून मी ज्या पालकांनी प्रश्न विचारला त्यांना सांगतो. भाईसाहेब, ते आपले आहे काय, असे तुम्ही विचारले. अकबरशाहांचा ग्रंथ आपला होता, आणि तो आपण जपला नाही, राघवन यांनी जपला. माझ्या आजोबांची ट्रंक तर निःसंशय आपली होती, ती मी अकरा किलोंच्या भावाने विकली. तुमची मुलगी संस्कृत शिकेल की अरबी, हे तुम्ही आणि ती बसून ठरवा. दोन्हींपैकी काहीही शिकली तरी जुना कागद हातात आल्यावर तिला तो वाचावासा वाटेल एवढे मात्र मला पाहिजे. माझ्याजवळ तेच नव्हते.

शाळेच्या वाचनालयात एक लोखंडी कपाट आपण रिकामे करून घेतले आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आहे. ज्यांच्या घरी जुन्या वह्या, बयाज, मोडी कागद, हाताने लिहिलेल्या कुराण शरीफच्या प्रती, दवापाण्याची टिपणे, जहाजावरच्या नोकरीच्या वह्या असतील त्यांनी त्या आणून दाखवाव्यात. ठेवून घेणार नाही. तुमची वस्तू तुमच्या घरीच राहील. आम्ही फक्त नोंद करू: काय आहे, कोणाच्या हातचे, कोणत्या लिपीत, किती पाने, कोणाकडे आहे. मोडी वाचणारे एक गृहस्थ महिन्यातून एकदा यावयास तयार झाले आहेत. फारसीसाठी अजून शोध चालू आहे. कोणाच्या माहितीत कोणी असल्यास कळवावे. नोंदवही मी आणली आहे. तिच्यात आतापर्यंत तीन नोंदी आहेत. त्यांतली एक त्याच मुलीने आणली. तिच्या पणजीच्या हातची, उर्दूतली, बाळंतिणीच्या औषधांची वही. शेवटची सात पाने नाहीत.

आठवीच्या विषयांचे अर्ज १५ जूनपर्यंत कार्यालयात द्यावयाचे आहेत. संस्कृतच्या वर्गासाठी निदान दहा मुले लागतात, आज सहा आहेत. अर्जावर पालकाची सही आवश्यक आहे. शनिवारी दुपारी दोन ते चार मी वाचनालयात असतो, ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी तेव्हा यावे.